कमानीवरचा रिकामा हात

शिरसाठ गेल्याचं मला आमच्या कॉलेजच्या शिपायाने, म्हादूने, सांगितलं. मी तेव्हा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधत होतो. म्हादू दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सायब, कासवसर गेलं. नगरला, दवाखान्यात. सकाळी फोन आल्ता हापिसात." मी हातातली गाठ पूर्ण मारली. मग पुढच्या गठ्ठ्याची मारली... पाच आठवडे होऊन गेले, पण त्या दुसऱ्या गाठीचा मला अजून राग येतो.

माणूस गेला की त्याच्याविषयी गोड लिहायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. पुरवण्यांतून असे लेख मी वर्षानुवर्षं वाचत आलो. ग्रंथपालाला दुसरं काम काय असतं! त्यातली झाडून सगळी माणसं हसतमुख, निगर्वी आणि शिस्तप्रिय असतात. इतकी चांगली माणसं एवढ्या संख्येने मरत असतील तर मागे आमच्यासारखीच का उरतात, हे मला कळलेलं नाही. प्रा. काशिनाथ शिरसाठ यातला काहीही नव्हता. तो हट्टी होता, वर्गात कंटाळवाणा होता, त्याच्या शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग असे, आणि ज्या विषयावर त्याने उमेदीची दहा वर्षं घालवली तो विषय आमच्या जिल्ह्यात त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हता. मी वयाने त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, तरी समोर त्याला अहो-जाहो करत असे. इथे एकेरीत लिहितो आहे, कारण मनात तो पहिल्या दिवसापासून एकेरीतच होता. शिरसाठ आणि कुलकर्णी या आमच्या आडनावांकडे बघून ती एकेरी सुरुवातीला कसली होती हे वाचणाऱ्याने ओळखावं. शेवटी ती तशी राहिली नव्हती.

आमचं कॉलेज नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या गावी आहे. गावाचं नाव लिहीत नाही. शोकसभा दुसऱ्याच दिवशी झाली आणि वीस मिनिटांत उरकली, कारण साडेअकराला विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती आणि त्यांच्या नाश्त्याचं बघायचं होतं. प्राचार्यांनी सांगितलं की कैलासवासी शिरसाठ सरांनी इंग्रजी नाण्यांवर मोलाचं संशोधन केलं. नाणी कुठून आली ते प्राचार्यच जाणोत. मग कारखान्याच्या आणि कॉलेजच्याही चेअरमनसाहेबांचा शोकसंदेश वाचला गेला. त्यात शिरसाठला चित्रकलेचे नामवंत प्राध्यापक करून टाकलं होतं. त्याच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, असं तिघांनी सांगितलं, आणि ती भरण्यासाठीची जाहिरात आठवड्याच्या आत नगरच्या पेपरात आली. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. मी घड्याळ बघत होतो... ती चाळीस सेकंदांत संपली. मला बोलायला सांगितलं नव्हतं, पण सांगितलं असतं तरी मी काही उपटलं असतं असं नाही.

तर त्याचा विषय नाणी नव्हता. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एका जातीची पुस्तकं निघत, त्यांना एम्ब्लेम बुक म्हणतात. शिरसाठ मराठीत बोधचित्रं म्हणायचा, मी त्याला डिवचायला चित्रांची कोडी म्हणायचो. प्रत्येक पानावर तीन गोष्टी. वर एका ओळीचं वाक्य, मध्ये लाकडी ठशाने छापलेलं चित्र आणि खाली चार-सहा ओळींची कविता. चित्रं अशी की शहाण्या माणसाला वाटावं, काढणारा ठार वेडा आहे. पाठीवर शीड उभारलेलं कासव. स्वतःच्या छातीत चोच मारून पिलांना रक्त पाजणारा पक्षी. वाळून कोळ झालेल्या झाडाला बिलगलेला हिरवागार वेल. शिपायाच्या लोखंडी टोपात पोळं केलेल्या मधमाश्या. वाचणाऱ्याने वाक्य वाचायचं, चित्र बघायचं, कविता वाचायची आणि तिघांच्या मधे कुठेतरी अर्थ आहे तो आपला आपण काढायचा. एक गोष्ट काढून घेतली की उरलेल्या दोन मुक्या होतात, हे शिरसाठचं लाडकं वाक्य. त्या काळी म्हणे ही चित्रं नुसती पुस्तकांत नसत. श्रीमंतांच्या घरांच्या छतांवर, उशांच्या अभ्र्यांवर, चमच्यांच्या दांड्यांवर, राणीच्या झग्यावरसुद्धा असत, आणि घरात आलेला पाहुणा भिंती वाचत बसे. मी एकदा म्हटलं, रिकामटेकड्यांचा देश होता तर. तो म्हणाला, राज्य मात्र त्यांनी आपल्यावर केलं.

यातलं एकही पुस्तक त्याने हातात धरलेलं नव्हतं. आमच्या ग्रंथालयात शेतीच्या पुस्तिका आणि गाइडं, पुण्याच्या विद्यापीठातही एखाद-दुसरं, तेही या पुस्तकांविषयी लिहिलेलं. विलायतेच्या एका ग्रंथालयाला पत्रं लिहून लिहून त्याने मायक्रोफिल्म मागवली. पार्सल आलं तेव्हा पोस्टातल्या माणसाने त्यावरचा 'फिल्म' हा शब्द वाचला आणि दुपारपर्यंत गावभर झालं की इंग्रजीच्या सरांनी गोऱ्या बायांचा पिक्चर मागवला आहे. कॉलेजच्या पायरीवर वीस-पंचवीस पोरं जमली. त्यांना एका काळ्या पट्टीवर डाळीएवढाली कासवं दिसली आणि ती शिव्या देत पांगली. फिल्म वाचायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, जिल्ह्यात कुठे असेल असंही नाही. शिरसाठने घड्याळजीकडची डोळ्याला लावायची भिंगाची डबी मिळवली, फिल्म ग्रंथालयाच्या पश्चिमेकडच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि दुपारच्या उन्हात एकेक चौकट बघून चित्रं वहीत उतरवायला लागला. तीन उन्हाळे त्याने हे केलं. त्यातला शेवटचा दुष्काळाचा, टँकरच्या पाण्याचा. डोळे लाल व्हायचे. मी माझ्या टेबलावरून बघायचो आणि मनाशी म्हणायचो, काय हे, माणसाने आपली हयात अशी भिंगाखाली घालवावी...

वर्गातही हेच. सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला, ज्या पोरांना आपलं नाव इंग्रजीत धड लिहिता येत नाही त्यांच्यापुढे तो फळ्यावर कासव काढायचा. त्याच्या पाठीवर शीड. मग पाऊण तास घाई आणि सबुरी यांच्याविषयी बोलायचा, आणि धडा तसाच राहायचा. पोरांनी त्याचं नाव कासवसर ठेवलं. त्याला ते कळलं तेव्हा तो खूश झाला, निदान एवढं तरी लक्षात राहिलं म्हणाला. अशा माणसाचं काय करायचं! एकदा मात्र त्याने मला जिंकलं. चेअरमनसाहेबांच्या सत्काराची मिरवणूक कॉलेजवरून जात होती, गाडीत साहेब आणि मांडीवर महापुरुषाची तसबीर, आणि रस्त्यावरची माणसं हात जोडत होती. शिरसाठ माझ्या शेजारी खिडकीत उभा होता. त्याने वहीचं पान उलटून दाखवलं. पाठीवर देवीची मूर्ती घेऊन चाललेलं गाढव, दुतर्फा गुडघे टेकलेले लोक, आणि गाढवाला वाटतंय की हे सगळं आपल्यासाठीच चाललंय. मी पोट धरून हसलो. मग त्याला विचारलं की यातलं गाढव कोण हे लिहिलंय का. तो म्हणाला, लिहिलेलं नसतं, बघणाऱ्याने आधी स्वतःला लावून बघायचं असतं. माझं हसू तिथेच आटपलं.

हाच विषय का, हे त्याने मला एकदाच सांगितलं. त्याचं गाव नेवाशाकडचं. तो शाळेत वरच्या वर्गात असताना घराने धम्म स्वीकारला आणि वडिलांनी भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरवून नदीला दिल्या. भिंत धुराने काळी झालेली होती, पण तसबिरींच्या मागची जागा पांढरीच राहिलेली. चार चौकोन आणि एक लांबट. त्या चौकोनांखाली बसून त्याने मॅट्रिकचा अभ्यास केला. पुढे एमएला असताना त्याच्या वाचनात आलं की इंग्लंडातही धर्म बदलला तेव्हा देवळांतली चित्रं काढून टाकली, भिंतींना चुना फासला, आणि मग भिंतीवरून गेलेली चित्रं हळूहळू पुस्तकांच्या पानांत शिरली. "देव गेले त्याचं मला काही वाटत नाही, कुलकर्णी," तो म्हणाला. "वडिलांनी केलं ते बरोबरच केलं. पण ते चौकोन मी इतकी वर्षं बघत होतो, त्यांत पुढे काय येणार हे मला बघायचं होतं." मला ते ओढूनताणून आणलेलं वाटलं. माझ्या घरच्या भिंतीवरचा एकही फोटो कधी हललेला नव्हता, मला कसं कळणार?

मग ती शिष्यवृत्ती आली. एक वर्ष इंग्लंडात राहून मूळ पुस्तकं बघायची, हवी तितकी हातात घ्यायची. त्याची निवड झाल्याचं पत्र त्याने मला ग्रंथालयात आणून दाखवलं आणि मी वाचत असताना माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. एकच अट होती. कॉलेजने ना हरकत पत्र द्यायचं, की हे वर्ष रजा मिळेल आणि परत आल्यावर नोकरी राहील. ते पत्र चेअरमनसाहेबांच्या सहीशिवाय निघणार नव्हतं. आमच्या संस्थेत शिपायाच्या गणवेशाचा रंगसुद्धा चेअरमनसाहेब ठरवतात.

चेअरमनसाहेब बिलंदर माणूस. त्यांना नव्या इमारतीच्या कमानीवर कॉलेजचं बोधचिन्ह हवं होतं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की शिरसाठ सर चित्रांच्या अर्थावरच विलायतेला निघालेत. त्यांनी निरोप धाडला, आधी आमच्या कमानीचं बघा, मग तुमच्या पत्राचं बघू. साहेबांची यादी तयार होती: ऊस, दातेरी चाक, उघडं पुस्तक, समई, उगवता सूर्य आणि जमल्यास बैल. शिरसाठने यादी घडी घालून खिशात ठेवली आणि आठ दिवसांनी आर्ट पेपरवर काळ्या शाईत एकच माणूस काढून आणला. तरुण, अंगात सदरा, डोळे आभाळाकडे. एका हाताला पंख फुटलेले आणि तो हात वर उचललेला. दुसऱ्या हाताला बांधलेला मोठा धोंडा, बोटं त्याच्याभोवती वळलेली, आणि तो हात खाली ओढला जातोय. त्या जुन्या पुस्तकांतलंच चित्र, फक्त अंगावरचे कपडे आमच्याकडचे. त्याचा अर्थ त्याने मला खूप आधी सांगितलेला होता. अंगात गुण असलेल्या माणसाला गुण वर नेतात आणि दारिद्र्य खाली ओढतं. उसाच्या फडातून आणि कोरडवाहू रानातून आलेल्या पोरांच्या कॉलेजवर याहून योग्य चित्र सापडलं नसतं, हे मला त्याही वेळी कळत होतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

संचालकांची बैठक ग्रंथालयात भरली, कारण पंखा तिथेच होता. मी कोपऱ्यात माझ्या टेबलाशी. चित्र हातोहात फिरलं. एका संचालकाने विचारलं, पंख हे कोणत्या पॅनेलचं चिन्ह आहे, कारण कारखान्याची निवडणूक जवळ आलेली आणि आमच्याकडे चित्र म्हणजे निवडणुकीचं, दुसरं कुठलं नसतं. दुसऱ्याला माणूस आजारी वाटला. शिरसाठ उभा राहून शांतपणे अर्थ सांगत होता आणि मान डोलावणारे कोणीही ऐकत नव्हते. शेवटी चेअरमनसाहेबांनी चष्मा लावला, धोंड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सर, मागल्या साली पोरांनी यष्टीच्या काचा फोडल्या. तीन दिस पोलीस हुतं गावात. आन आता आमीच कमानीवर दगड हातात दिऊन पोरगं हुबं करायचं व्हय?"

एवढंच. चारशे वर्षांच्या विद्वत्तेचा निकाल लागला. मूर्खपणाला तोड नव्हती, पण सगळे संचालक एकदम जागे झाले, खरंच की, म्हणाले, आणि एकाने तर त्या पोराचा चेहरा गेल्या वर्षीच्या पुढाऱ्यासारखा दिसतो असाही शोध लावला. चेअरमनसाहेब म्हणाले, चित्र छान आहे, पंख बेस आहेत, फक्त दगड काढा आणि लगेच सही घ्या. शिरसाठ म्हणाला, दगड काढला तर चित्र खोटं होईल. साहेबांना ते कळलंच नाही. खोटं कसं होईल, उलट साफ दिसेल, म्हणाले. त्यांनी माझ्याकडेही बघितलं. "काय हो ग्रंथपाल, तुमी शिकल्यालं, तुमी सांगा." मला अर्थ पाठ होता. एक वाक्य पुरलं असतं असं नाही, पण एक वाक्य बोलता आलं असतं. मी म्हटलं, साहेब म्हणतात त्यातही तथ्य आहे. शिरसाठने माझ्याकडे बघितलंही नाही. चित्र आणि पत्र दोन्ही टेबलावर ठेवून बैठक चहाला उठली.

पुढचे पंधरा दिवस मी त्याच्या मागे लागलो. म्हटलं, कमानीवर काय असेल त्याने तुम्हाला काय फरक पडतो, तुम्ही तिकडे खरी पुस्तकं बघत बसाल. म्हटलं, या गावात तुमचं चित्र वाचणार कोण आहे, म्हशी? तो नाही म्हणायचा आणि भिंग डोळ्याला लावायचा. कारण सांगायचा नाही. शिष्यवृत्तीवाल्यांना उत्तर द्यायची तारीख जवळ येत चालली. मला त्याच्या हट्टाची किळस आली होती. आपल्या लोकांना कोणी वर जाऊ देत नाही अशी ओरड करायची आणि दार उघडलं तर उंबऱ्याशी अडून बसायचं... असं मी त्या वेळी मनात म्हटलं. 'आपल्या लोकांना' असंही नव्हे, 'यांना' असं म्हटलं.

एका सकाळी, तो तासावर असताना, मी ते चित्र कपाटातून काढलं. ग्रंथपालाच्या हाताला ब्लेडची सवय असते. पुस्तकांवरचे जुने नोंदणी क्रमांक आम्ही ब्लेडनेच खरवडतो, कागदाला भोक पडू न देता. मी तो दगड खरवडला. अर्धा तास लागला. शाई सुरेख निघाली, मग वरून अंगठ्याच्या नखाने कागद घोटला. काम नामी झालं होतं आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं. ते आणि बिनसहीचं पत्र घेऊन मी चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि सांगितलं की सरांनी ऐकलं. साहेब खूश. "आता कसं! हात करून पोरांना शाळंत बोलावतोय," म्हणाले, आणि तिथेच सही केली. खरं तर धोंड्याभोवती वळलेली बोटं तशीच राहिली होती. एका हाताला पंख आणि दुसरा हात अर्धवट मुठीत, कमरेशी लोंबकळलेला. एखाद्याने यष्टी गेल्यावर ठेवावा तसा.

दुपारी शिरसाठ ग्रंथालयात आला तेव्हा मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले, सहीचं पत्र वर आणि चित्र खाली. तो आनंदाने काहीतरी बोलेल, निदान चहा सांगेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याने पत्र वाचलं. मग चित्र बघितलं. खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं, हलक्या हाताने.

"बोटं तशीच राहिली, कुलकर्णी," तो म्हणाला.

एवढंच बोलून तो गेला. पत्र घेऊन गेला, चित्र तिथेच ठेवलं. मला वाटलं, दोन दिवसांत राग निवळेल. तारीख आली आणि गेली. त्याने ते पत्र पाठवलंच नाही. मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाला, "तिथे मला कोणी विचारलं की तुझ्या कॉलेजवर काय आहे, तर काय सांगू?" कोण विचारणार होतं त्याला! कागदावरच्या दगडासाठी विलायत सोडणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी गावात चार ठिकाणी हसत हसत सांगितलं. तो ग्रंथालयात येत राहिला, पण खिडकीजवळच्या माझ्या टेबलाशी बसायचा नाही. लांबच्या बाकावर बसायचा, तिथे ऊन येत नव्हतं, त्यामुळे फिल्मचं कामही थांबलं. पुस्तक हवं असलं की चिठ्ठी म्हादूजवळ द्यायचा.

चार महिन्यांनी त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी एकदा, न राहवून, विचारलं. बघतो डॉक्टरला, म्हणाला. मग गावाकडे गेला, झाडपाला झाला, आईने पथ्य केलं आणि शेवटी नगरला नेलं... मी भेटायला गेलो नाही. नगर काही लांब नाही. तपासणीचं काम आहे, असं मी घरी सांगत होतो, आणि काम खरंच होतं. लग्न केलेलं नव्हतं त्याने, मागे आई तेवढी एकटी.

कमान शिरसाठ गेल्यावर पंधरा दिवसांत पुरी झाली. गवंडी चांगला होता, कागदावर होतं तस्संच सिमेंटमध्ये उठवलं आणि वर सोनेरी रंग दिला. खाली पोरं येता-जाता दोन्ही हात तसे करून दाखवतात आणि खिदळतात. तपासणी समिती दुसऱ्या फेरीला आली तेव्हा तिच्या अध्यक्षांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की बोधचिन्ह अत्यंत अर्थपूर्ण आहे. ते मी वाचलं आणि वही मिटली.

गेल्या आठवड्यात त्याची आई आली. अनसाबाई, साठीची, काटक बाई. नेवाशाहून दोन गाड्या बदलून एकटीच आलेली. सामान न्यायला. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, अकरा चित्रांच्या वह्या आणि ती फिल्म. वह्यांचं काय करावं हे तिला कळेना. मी म्हटलं, ग्रंथालयात ठेवू का, तर तिने मान हलवली आणि सगळं ट्रंकेत भरलं. म्हादूने ट्रंक सायकलला बांधली. मी तिला स्टँडपर्यंत पोचवायला निघालो. आल्या वेळी ती मागच्या दाराने आली होती, जाताना आम्ही कमानीखालून चाललो, तशी ती थांबली. पदराची सावली डोळ्यांवर धरून वर बघितलं.

"ह्ये तर काशीचं चितार," ती म्हणाली. मग बोट दाखवून, "ह्याच्या हातात दगड हुता. त्यो कुटं गेला?"

मी विचारलं, तुम्ही हे कुठे पाहिलंत? ती सांगायला लागली. गेल्या उन्हाळ्यात तो सुट्टीला आला तेव्हा त्याने चुलीतला कोळसा घेऊन घराच्या फरशीवर तिला हा माणूस काढून दाखवला होता. हा उडू शकतो पण दगड त्याला धरून ठेवतो, असं सांगितलं होतं. विलायतेचं त्याच वेळी घरात निघालेलं. तिला वाटलं, पोरगा आपल्यावर बोलतोय.

"म्या म्हनलं, म्हंजी दगड मी. माज्यापायी तुजं पाय अडकल्यात. तर हसला. म्हनला, व्हय आये, दगड तूच. पर आपुन पत्र्यावर दगड कशाला ठिवतो? वावटळ सुटली तर छप्पर जाऊ न्हाई म्हनून. तसा हाय ह्यो. म्हनला, मी कुटं बी गेलो तरी कमानीवर तू ऱ्हाशील." ती अजून वरच बघत होती. "म्या म्हनलं, गप, कायबी बोलतो."

दगड म्हणजे दारिद्र्य. चारशे वर्षांच्या सगळ्या कविता तेच सांगतात, आणि मला ते त्यानेच शिकवलं होतं. आईला त्याने हे वेगळं का सांगितलं, तिचं मन राखायला की त्याला खरंच तसं वाटत होतं म्हणून, ते आता कोणाला विचारणार? पंधरा दिवस मी त्याच्या मागे लागलो होतो आणि त्याने मला कारण सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? मी हसलो असतो. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

स्टँडवर यष्टी लागलेली होती. म्हादूने ट्रंक टपावर चढवली. तिने पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"सायब, त्येनं ह्ये असं बगितलं न्हाई न्हवं? बिनदगडाचं?"

"नाही," मी म्हणालो. "कमान नंतर झाली."

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली.

कमान नंतर झाली, ते खरंच आहे. पण कागद त्याने बघितला होता. मीच त्याच्यापुढे ठेवला होता, मोठ्या खुशीत.